पोटोबाची बिस्किटं

झाकणाचा आवाज होता कामा नये. किल्लीवाल्यांनी डबा पोटाशी घट्ट धरला, अंगठ्याने कडेकडेने झाकण सैल केलं आणि हाडाच्या आकाराची दोन बिस्किटं सदऱ्याच्या खिशात सोडली. जन्मभर लोकांची अडलेली कुलपं उघडून दिलेल्या माणसापुढे पत्र्याच्या डब्याची काय बिशाद! तिसरं बिस्किट त्यांनी टेबलाखाली धरलं. तिथे पोटोबा आधीच शेपटी आपटत बसला होता.

"हा तुझा वाटा," ते कुजबुजले. "आणि तोंड बंद."

पोटोबाने एका घासात पुरावा नष्ट केला. बाथरूममधला नळ बंद झाला. मुलगी केस पुसत बाहेर येईपर्यंत किल्लीवाले वर्तमानपत्रात बुडालेले होते. फक्त त्यांचा जबडा हलत होता.

पोटाचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचं आणि जेवणाचं बिनसलं होतं. "थोडं थोडं खा, चावून चावून खा," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वजन आणखी घसरलं तर पुन्हा भरती, आणि या वेळी नाकात नळी. मुलीने पातळ करून दिलं, घट्ट करून दिलं, गाळून दिलं. प्रत्येक वाटी दोन चमच्यांनंतर परत जायची.

"आजाऱ्याचं खाणं आहे हे," ते म्हणायचे. "नुसतं बघून माणूस आजारी पडेल."

मुलगी रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत कामाला होती. चिकाटी तिचा धंदाच. पण बापाच्या हट्टापुढे एक दिवस तिनेही हात टेकले आणि वाट्या बंद केल्या.

त्याच आठवड्यात तिने जाहीर केलं की पोटोबाचं पोट नाजूक झालंय. "त्याला विकतचं काही सोसत नाही, बाबा. मी घरीच बिस्किटं करते. उकडलेला लाल भोपळा, ओट्सचं पीठ, अंडं. मीठ नाही, साखर नाही, तिखट नाही. आणि डब्याला हात लावायचा नाही हं. औषध आहे ते त्याचं."

"मी कशाला लावतोय? कुत्र्याचं खायची वेळ आलीय का माझ्यावर?"

वेळ दुसऱ्याच दुपारी आली. घरभर खरपूस वास होता आणि मुलगी कामावर होती. किल्लीवाल्यांनी एक तुकडा मोडून पाहिला, निव्वळ चौकशी म्हणून. मग चौकशी वाढत गेली.

पंचाईत व्हायची ती संध्याकाळी. "दिवसभर तुम्हीच असता त्याच्याजवळ," मुलगी विचारायची. "आजची कशी गेली त्याला?" किल्लीवाले डबा उघडायचे, पण खोटं बोलणं त्यांना जमत नव्हतं. मग ते खरं तेच सांगायचे, फक्त नाव पोटोबाचं घ्यायचे.

"जरा जड गेली. छातीशी बसल्यासारखी."

"छातीशी? बरं. अंडं कमी करून बघते."

ती एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायची. अंडं कमी झालं. पीठ आणखी बारीक झालं. एका संध्याकाळी किल्लीवाले म्हणाले, "आज छान! गुडगुड नाही, मळमळ नाही. दुपारी झोपसुद्धा लागली." पोटोबा तेव्हा बागेत खड्डा खणत होता.

वजनकाटा वर सरकू लागला. डॉक्टर खूश झाले. किल्लीवाल्यांच्या मनाला मात्र टोचणी लागली. आपण एका मुक्या, आजारी जिवाचं औषध पळवतोय.

आणि एका सकाळी पोटोबा उठलाच नाही. समोर ठेवलेली वाटी त्याने नुसती हुंगली आणि मान फिरवली. मुलगी कामावर गेलेली.  किल्लीवाल्यांनी त्याला छातीशी उचललं आणि थेट कोपऱ्यावरचा गुरांचा दवाखाना गाठला. तिथे पोहोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला धाप लागलेली नाही.

"डॉक्टर, सगळा दोष माझा," टेबलावर कुत्रा ठेवता ठेवताच ते म्हणाले. "याच्या नाजूक पोटासाठी मुलगी बिस्किटं करते, आणि खातो मी."

डॉक्टरीणबाईंनी पोटोबाचं पोट चाचपलं, मग पाय. "नाजूक पोट? याचं?" त्या हसल्या. "अहो, पिल्लू असल्यापासून ओळखते मी याला. यानं चपलेचा पट्टा पचवलाय. अख्खा मोजा पचवलाय. हा बघा, पंजात काटा आहे, म्हणून रुसलाय."

काटा निघाला. पोटोबा उठला आणि त्याने टेबलावरचा कापूस खायला घेतला.

किल्लीवाले सावकाश घरी निघाले. अवघड कुलूप हातात आलं की ते असेच गप्प होत, आतला एकेक खटका बसेपर्यंत. भोपळा. मीठ नाही. 'डब्याला हात लावायचा नाही हं.' घर येईपर्यंत सगळे खटके बसले होते.

संध्याकाळी मुलगी ओट्यापाशी साचा घेऊन उभी होती. ते दारात घुटमळले.

"पोटोबाच्या पायात काटा होता. काढून आणला."

"अगंबाई! आणि पोट?" तिने मान वर न करता विचारलं.

"पोट सुधारतंय," ते म्हणाले. मग घसा साफ केला. "पण रोज तीच चव म्हणजे कंटाळत असेल बिचारा. जरा दालचिनी घालून बघ."

"घालते की." तिने पिठावर साचा दाबला. "फक्त त्याला सांगा बाबा, थोडं थोडं खा, चावून चावून खा."