खाली या

जुन्या कराराचं, नाममात्र भाड्याचं घर इस्मतआजी सोडेनात, म्हणून घरमालक हाजी रिफ्कीने कैरोतल्या त्या इमारतीची लिफ्टच बंद करून टाकली. आजींचा सातवा मजला, त्यात गुडघे कामातून गेलेले. तेव्हापासून त्या गॅलरीतून दोरीने टोपली सोडायच्या आणि खालची भाजीवाली त्यात रोट्या-कांदे ठेवायची.

"हाजी, लिफ्ट तेवढी सुरू करा हो. वर्ष झालं, जमिनीला पाय लागला नाही माझा."

"पण आजी, खाली बोलावलंय कोणी तुम्हाला?" तो अंगणातूनच म्हणायचा.

आज रोट्यांखाली कोर्टाची नोटीस निघाली: 'सदर घर वर्षभर बंद असून तिथे कोणी जाता-येताना दिसत नाही, अशी मालकाची तक्रार आहे. कोणी राहत असल्यास सोमवारी कोर्टात जातीने हजर व्हावे, अन्यथा घर मालकाच्या ताब्यात दिले जाईल.'