कडीची तक्रार

पनवेलच्या एका कॉलेजात मुलींच्या बाथरूमला आतून कडीच नव्हती. एक आत गेली की दुसरीने बाहेर दार ओढून धरायचं, नाहीतर दिवसभर पाणीच प्यायचं नाही. शेवटी एलिशेवा धीर करून तक्रार निवारण समितीच्या गव्हाणकर मॅडमकडे गेली.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "लिहून दे. विद्यार्थ्यांच्या तक्रारीला संस्थेला मुदतीत उत्तर द्यावंच लागतं, नियम आहे." मग जरा घुटमळून म्हणाल्या, "आमच्या बाथरूमलाही कडी नाही गं. पण आमचं कोण ऐकतंय? तेवढं तुझ्या तक्रारीत घाल."

एलिशेवाने घातलं. बाहेर शिपाई सुदामकाका उभेच होते. त्यांचं स्टूल मोडलं होतं. ग्रंथपालांना पंखा हवा होता. तिने तेही लिहिलं.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. आता दाखलाच हातात ठेवतात की काय, असं तिला वाटलं. प्राचार्यांनी तक्रार सावकाश वाचली, उठून केबिनचं दार लावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "माझं छत गळतंय, बाळा. खाली थोडी जागा उरलीय ना?"