दिवस कुणाला गेलेत

“दिवस मला गेलेत,” गोदा म्हणाली.

दवाखान्याच्या ओसरीवर बसलेल्या बायकांच्या माना एकदम वळल्या. अंगावर विधवेचं लाल अलवण, पदराखाली केस काढलेलं डोकं, आणि तोंडी हे वाक्य! शेजारच्या द्वारकाकाकू नातवाला घेऊन बसल्या होत्या. त्या पोराला थोपटायचंही विसरल्या.

डॉक्टरीणबाईंनी टाक खाली ठेवला. “हळू बोल. गेल्या मंगळवारी तू भावजयीसाठी आली होतीस. पाय सुजलेत, डोकं दुखतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, असं सांगत होतीस. मी घरापर्यंत आले, तर तुझ्या आईनं दारातूनच परत लावलं. घरात कुणी गरोदर नाही म्हणाल्या.”

“तेव्हा नाव भावजयीचं घेतलं. दुखणं माझंच.”

“कितवा?”

“सहावा सरत आला.”

“आत ये, तपासते.”

“इथं नको. घरी चला. आत्ताच्या आत्ता. उशीर झाला तर माझं काय होईल सांगता येत नाही.”

डॉक्टरीणबाई उठल्याच. ठाण्यात येऊन त्यांना दोनच वर्षं झाली होती, पण तेवढ्यात विहिरीतून काढलेली एक विधवा त्यांनी पाहिली होती.

गोदा पुढे, त्या मागे. तळ्याच्या काठानं चालताना गोदाच्या डोळ्यांपुढे सकाळचंच होतं. वेणूवहिनी भात वाढायला बसली आणि सगळा भात ताटाच्या बाहेर, पाटावर पडला. तिला ताट दिसलंच नव्हतं. आई म्हणाली, उष्णता वाढली असेल. पाय सुजले तेव्हा म्हणाली होती, अंग भरतंय, मुलगाच होणार.

आई दुष्ट होती असं नाही. वेणूचे आधीचे दोन गर्भ अपुऱ्या दिवसांतच पडले. दोन्ही वेळा बातमी आधी आळीभर झाली होती आणि कुणाची तरी नजर लागली, अशी आईची खात्री होती. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. या खेपेला सातव्यात ओटी भरेपर्यंत वेणूचं नाव उंबऱ्याबाहेर जायचं नाही, असं तिनं ठरवलं. ना वैद्य, ना सुईण. हरिहर, म्हणजे वेणूचा नवरा, कचेरीच्या कामाला कल्याणला गेलेला. घरात असता तरी आईपुढे त्याचं काय चालणार होतं!

दार आईनंच उघडलं. “पुन्हा आलात? सांगितलं ना, आमच्या घरात कुणी गरोदर नाही.”

“तुमच्या मुलीनं स्वतः सांगितलंय मला. विधवा मुलीला दिवस गेलेत आणि तुम्ही—”

समोरच्या घरातली खिडकी उघडली. आईच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं डॉक्टरीणबाईंना हाताला धरून आत ओढलं, मागोमाग गोदाला, आणि कडी घातली. सुनेच्या जिवासाठी जे दार उघडलं नाही, ते लेकीच्या बदनामीला भिऊन क्षणात उघडलं.

“कुणाचं पाप हे?” आईनं हात उगारला.

गोदानं माजघरापलीकडच्या खोलीचं दार ढकललं. “बाई, मी नव्हे. ही बघा.”

वेणू चटईवर पडली होती. चेहरा इतका सुजला होता की डोळ्यांच्या नुसत्या फटी उरल्या होत्या. पावलांचा आवाज ऐकून तिनं मान वळवली. “वन्सं, दिवा का नाही लावला अजून?”

खिडकीतून दुपारचं ऊन सरळ तिच्या तोंडावर येत होतं.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या नडगीवर बोट दाबलं. बोट उचललं तरी खळगा तसाच राहिला. “पाय सुजायला लागले तेव्हाच मला दाखवली असती...” लाकडी नळी पोटावर टेकवून बराच वेळ ऐकत राहिल्या. “बाळाचे ठोके आहेत. हिचं मात्र मी काही सांगत नाही. पाणी तापवा, भरपूर. आणि हिच्या नवऱ्याला बोलावून घ्या.”

गोदानं चूल पेटवली. धुरानं की कशानं, तिचे डोळे घळाघळा वाहत होते. बाई आत पोचल्या होत्या, तेवढं तरी साधलं होतं. पाण्याला आधण आलं तेवढ्यात बाहेरची कडी वाजली.

आईनं दार वीतभर उघडलं. द्वारकाकाकू होत्या, आणि त्यांच्यामागे आळीतल्या आणखी दोघी.

“गोदाचं ऐकलं ते खरं का हो?”

लाकूड सारता सारता गोदाचा हात थांबला. डॉक्टरीण सुनेसाठी आलीय, एवढं म्हटलं की झालं. आई ते म्हणणारच, या भरवशावर तर ती भर ओसरीवर खोटं बोलली होती. पोटच्या पोरीची अब्रू कोणती आई जाऊ देईल?

आईनं वळून वेणूच्या खोलीकडे पाहिलं.

“खरं आहे,” ती म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं.

मग दाराला पाठ टेकून ती खाली बसली आणि स्वतःशीच पुटपुटत राहिली, “वेणूचं नाव नाही गेलं माझ्या तोंडून. नाही गेलं.”

आतून डॉक्टरीणबाईंनी पाण्यासाठी हाक मारली. गोदानं उकळतं तपेलं नुसत्या हातांनी उचललं.