खुर्चीकडे कललेला निवडुंग

बायको गेल्यावर घड्याळजींच्या सोबतीला एकच जीव उरला, खिडकीतला निवडुंग. तिनं बजावून ठेवलं होतं, पाणी बेतानं घाला आणि दर रविवारी कुंडी पाव फेरा फिरवा, म्हणजे झाड उजेडाकडे न कलता सरळ वाढतं. घड्याळाला किल्ली द्यावी तितक्या नेमानं ते कुंडी फिरवत.

तरी झाड कललंच. कितीही फिरवलं तरी आठवड्याभरात ते खिडकीला पाठ करून त्यांच्या खुर्चीकडे वळायचं.

"अगं, हे माझ्याकडे बघतंय," त्यांनी मुलीला फोनवर सांगितलं.

"काहीतरीच काय, बाबा! फिरवायला विसरत असाल. इकडे या बरं राहायला."

ते गेले नाहीत. कुणीतरी आपल्याकडे तोंड करून बसतंय, हे काय कमी होतं?

पुढे गुडघ्यांना ऊन मिळावं म्हणून त्यांनी खुर्ची दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन भिंतीला टेकवली. पण झाड जुन्या, रिकाम्या जागेकडेच कलत राहिलं. घड्याळजी खट्टू झाले.

या रविवारी मात्र शेंडा नव्या कोपऱ्याकडे वळला होता. "आलास का रे बाबा शेवटी!" म्हणत ते खुर्चीत बसले आणि सवयीनं एक डोळा मिटून त्यांनी नेम पाहिला. शेंडा त्यांच्याकडे नव्हताच. तो त्यांच्या डोक्यावरून मागे रोखलेला होता.

त्यांनी भिंत चाचपायला हात मागे नेला. हात भिंतीला लागला नाही. मागे एक माणूस उभा राहील एवढी जागा होती.