शेवटच्या रांगेतली खुर्ची

“पप्पा, हे थिएटर दुरुस्त होतंय, की जेवणावळीचा हॉल बनतोय?”

देवपूरच्या शाळेतल्या मैत्रिणींनी चेलनाला डिवचलं होतं, विचारून दाखव! तिने विचारलं. तेही मिस्त्री आणि मम्मीच्या देखत, कमरेवर हात ठेवून.

सुभाषचंद स्टेजखालच्या प्लास्टिकच्या खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. आजोबांनी बांधलेलं थिएटर. वर्षभर त्यांनी पत्रे बदलले, भिंती घासून घेतल्या, नवा पडदा लावला. आता फक्त जमीन राहिली होती. मागे उंच, स्टेजकडे उतरती. उद्या मुरमाचे डंपर येणार आणि ती सपाट होणार.

“उतारावर टेबलं राहतात का, बेटा? वरणाचं पातेलं घसरत जाऊन स्टेजला आपटेल.”

मिस्त्री फिसकन हसला.

“आणि नाटक?”

“नाटकाला येतं कोण? फुकट पासवाले! ‘सुभाषभाऊ, आपण तर घरचेच.’ बठ्ठं धुळं, सगळं गावच माझ्या घरचं.” त्यांनी डोळे मिटून घेतले. “थकलो गं आता.”

चेलनाने रात्री आरशासमोर घोटलेलं भाषण घशातच राहिलं. पप्पांशी भांडता आलं असतं; या थकलेल्या माणसाशी कसं भांडायचं? ती तडक स्टेजवर चढली. डबा घेऊन आलेल्या कुसुमलता पार मागे, शेवटच्या रांगेत उरलेल्या एकुलत्या खुर्चीवर टेकल्या होत्या.

“मम्मी, दिसते का मी?”

“दिसतेस की. चपलांसकट.” बुटक्या कुसुमलता स्वतःशीच हसल्या. “सपाट हॉलमधल्या लग्नात मला नवरी कधी दिसतच नाही. पुढच्यांचे फेटेच दिसतात.”

“मग इथली नाटकं तर तू सगळी पाहिली असशील!”

“अर्धी अर्धी.” त्यांनी डब्याची पिशवी मांडीवर घेतली. “कुणी पासवाला उशिरा आला, की तुझे पप्पा लांबूनच खूण करायचे. मग मी उठायचे. घरच्यांनीच उठायचं ना.”

सुभाषचंदांनी डोळे उघडले. मान वळवून मागे पाहिलं.

चेलना स्टेजच्या अगदी कडेला आली.

“पप्पा, उद्याचे डंपर परत पाठवा. आमच्या शाळेचं नाटक इथेच होणार, मी करणार. तिकीट सगळ्यांना, माझ्या मैत्रिणींनासुद्धा. आणि मम्मी, कुणीही येऊ दे, त्या खुर्चीवरून तू उठायचं नाहीस.”