दुसऱ्या खोलीतला गॅस

मेकॅनिकनं एसीला लावलेला मीटर काढून खाली ठेवला. "काकू, गॅस पार उडालाय. आणि हा गॅस आता मिळत नाही. नवा नियम आलाय, विकायला बंदी आहे."

"मग दुसरा भर."

"दुसरा या मशीनला चालत नाही. मशीनच बदलावं लागेल. सगळेच बदलतायत, तुमचा नंबर लागेपर्यंत उन्हाळा सरेल."

"आभाळाला भोक पडतं म्हणे त्या गॅसनं."

"पडतं, काकू."

"पडत असेल बाबा."

काका दवाखान्यातल्यासारख्या रुंद पलंगावर होते; तो पलंग खोलीच्या दारातून बाहेर निघत नसे. मणक्याला मार बसल्यापासून त्यांच्या अंगाला घाम फुटत नसे. खोली तापली की ताप चढायचा. मागच्या तापात ते बरळायला लागले होते. डॉक्टरांनी काकूंना बाजूला घेऊन सांगितलं होतं, असा आणखी एक ताप त्यांना झेपणार नाही. आत्ताही कपाळावर ओला टॉवेल होता, पण थट्टेची खोड काही जात नव्हती.

"मला सरळ फ्रिजमध्ये ठेवा," ते म्हणाले. "भाजीच्या कप्प्यात मावेन आता."

मेकॅनिक हत्यारं आवरता आवरता थांबला. "बाहेर भिंतीवर दोन पेट्या आहेत. दुसरी कुठल्या खोलीची?"

"मुलाच्या."

"याच्याच जोडीचं मशीन दिसतंय. त्यातला गॅस काढून यात भरता येईल. घरचाच आहे, नियमात बसतं. ते मात्र कायमचं बंद पडेल. मुलाला चालेल ना?"

मेकॅनिक पहिल्यांदाच आला होता, त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक. काकाच बोलले, "त्या खोलीला हात लावायचा नाही."

मुलगा रात्रपाळी करायचा. सकाळी येऊन झोपायचा, म्हणून काकू त्याच्या आधी खोली गार करून ठेवायच्या. गेल्या वर्षी कामावरून येताना तो अपघातात गेला. काकू अजूनही रोज सकाळी त्याचा एसी लावत. काका पडल्या पडल्या ती घरघर ऐकत.

"तुम्ही गप्प बसा हो," काकू म्हणाल्या आणि उठल्या. "काढ रे बाबा."

गॅस काढायच्या आधी मशीन चालू करावं लागतं, म्हणजे तो सगळा बाहेरच्या पेटीत गोळा होतो. मेकॅनिक बाहेर पान्यानं व्हॉल्व्ह आवळत होता. आत काकू मुलाच्या पलंगावर बसल्या. वाऱ्याखाली हात धरला. मग राहवलं नाही म्हणून चादरही सारखी केली.

"काकू, येतंय का गार?"

"येतंय अजून."

वारा केव्हाच कोमट झाला होता. मेकॅनिकला मीटरचा काटा दिसत होता. त्यानं पाना सावकाश पुसला आणि मग हळूच म्हणाला, "बंद करा, काकू."

दुपारपर्यंत काकांची खोली गार झाली. अंगातली कणकण उतरली. मेकॅनिक गेल्यावर काकूंनी त्यांच्या अंगावर पांघरूण घातलं आणि शेजारी बसल्या. काका तोंड फिरवून पडले होते. झोप लागली असेल, असं काकूंना वाटलं.

"अगं," काका म्हणाले, "आता त्याच्या खोलीत उकडेल. खिडकी तेवढी उघडून ठेव."