निळा टिळा

ओजसच्या वाढदिवसाला वासंतीने पडदे ओढले आणि सगळ्यांच्या कपाळाला टिळा लावला. यकृतातलं एक एन्झाइम अंगात जितकं काम करतं, तितका हा टिळा निळा उजळतो. तिचा आणि नवऱ्याचा मंदच उजळला. दोघांतही ते निम्मंच; ओजसमध्ये तर जन्मतःच नव्हतं. दरवर्षी अंधारात राहणारं ओजसचं कपाळ मात्र आज लख्ख झालं.

“आई, अगदी हेमाकाकूंसारखं!” तो आरशात बघून ओरडला.

शेजारच्या हेमाकाकूंनीच त्याला वाचवायला यंदा आपल्या यकृताच्या पेशी दिल्या होत्या. नवरा गेल्यापासून मोकळं राहिलेलं त्यांचं कपाळही तसंच उजळलं होतं.

वासंतीने निरांजन लावलं आणि तबक आधी त्यांच्यापुढे धरलं.

“अगं, विधवेला कुणी ओवाळतं का?”

“त्याचा वाढदिवस तुमच्यामुळे आलाय, काकू. आता हलू नका.”